घटनास्थळ वाचायला शिकवणाऱ्या फ्रान्सिस ग्लेस्नर ली

विहिरीत तरंगणारा मृतदेह, उसाच्या फडात सापडलेला माणूस, गोठ्यात कीटकनाशकाच्या बाटलीशेजारी कोसळलेला तरुण, सकाळी अंथरुणातून न उठलेली सासुरवाशीण. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला अशा घटना नवीन नाहीत. अशा ठिकाणी सर्वांत आधी न्यायवैद्यक तज्ज्ञ पोहोचत नाही. आधी घरचे येतात, मग शेजारी, मग पोलीस पाटील, मग ठाण्यातील हवालदार. पुण्याहून जुन्नर सुमारे नव्वद किलोमीटर. तज्ज्ञ येईपर्यंत जागा झाडून झालेली असते, मृतदेह हलवलेला असतो आणि गावाने मृत्यूचे कारणही ठरवून टाकलेले असते.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरसमोर बहुतेक वेळा फक्त मृतदेह येतो. तो कसा पडला होता, दाराची कडी आतून होती का, भांड्यात काय होते, हे त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ते डोळे तयार नसतील, तर सर्वांत हुशार डॉक्टरचाही अहवाल अर्धा राहतो.

ही अडचण नेमकी ओळखून ती दूर करण्यासाठी आयुष्य आणि संपत्ती वेचणारी एक स्त्री अमेरिकेत होऊन गेली. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, कॉलेजचे शिक्षणही नव्हते. तरीही घटनास्थळाचे निरीक्षण कसे करावे हे त्यांनी पोलिसांच्या पिढ्यांना शिकवले. त्यांचे नाव फ्रान्सिस ग्लेस्नर ली.

श्रीमंत घर, बंद दरवाजे

फ्रान्सिस यांचा जन्म २५ मार्च १८७८ रोजी शिकागो येथे झाला. वडील जॉन जेकब ग्लेस्नर शेतीची यंत्रे बनवण्याच्या धंद्यात होते. त्यांची कंपनी पुढे १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या मोठ्या उद्योगात विलीन झाली. आपल्या शेतकऱ्यांना हे नाव अगदीच परके नाही. महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली ती याच कंपनीच्या सहकार्याने.

घरात पैसा, पुस्तके, संगीत सगळे होते. फ्रान्सिस आणि तिचा भाऊ जॉर्ज यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. पुढे जॉर्ज हार्वर्ड विद्यापीठात गेला, फ्रान्सिसला मात्र कॉलेजात पाठवले गेले नाही. तिने शिवणकाम, विणकाम, घर सांभाळणे शिकावे आणि चांगल्या घरी लग्न करून जावे, एवढीच अपेक्षा होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये त्याच अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा फ्रान्सिस आठ वर्षांची होत होती. म्हणजे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालये तिथे होती, पण सगळ्या घरांची दारे त्यांच्याकडे उघडत नव्हती. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तर स्त्री विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो थेट १९४५ मध्ये.

१८९८ मध्ये ब्लेवेट ली या वकिलाशी त्यांचे लग्न झाले. तीन मुले झाली, पण संसार टिकला नाही आणि १९१४ मध्ये घटस्फोट झाला. त्याच सुमारास त्यांनी एक वेगळे काम हातावेगळे केले होते. आईला भेट देण्यासाठी त्यांनी शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदाची छोटी प्रतिकृती बनवली. त्यात ९० वादक, प्रत्येकाचे वाद्य आणि पोशाख होता. ज्या हातकामाला घरात बायकांचा विरंगुळा समजले जात होते, ते किती काटेकोर असू शकते हे तेव्हाच दिसले. त्याचा खरा उपयोग व्हायला मात्र आणखी तीस वर्षे जायची होती.

डॉ. मॅग्रॅथ यांच्या गप्पा

भावाचे मित्र डॉ. जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ हे बोस्टनमध्ये मेडिकल एक्झामिनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची वैद्यकीय चौकशी करणारे सरकारी डॉक्टर. १९२९ च्या सुमारास फ्रान्सिस आणि मॅग्रॅथ दोघेही उपचारांसाठी बोस्टनच्या एकाच रुग्णालयात होते. तिथे मॅग्रॅथ त्यांना आपल्या कामातील हकिगती सांगत. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या फ्रान्सिस यांना आपले काम सापडले ते या गप्पांत.

त्या काळी अमेरिकेच्या बऱ्याच भागांत मृत्यूची चौकशी कोरोनर करत असे. हे पद निवडणुकीने भरले जाई आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची अट नसे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७७ मध्येच कोरोनर बंद करून डॉक्टरांची नेमणूक सुरू केली होती, पण इतर ठिकाणी जुनीच पद्धत चालू होती. कोरोनर हे पद आपल्यालाही ठाऊक आहे. मुंबईत ब्रिटिश काळातील कायद्याने ते आले आणि १९९९ मध्ये रद्द झाले.

मॅग्रॅथ यांची दुसरी तक्रार पोलिसांच्या अज्ञानाबद्दल होती. वाईट हेतूने नव्हे, तर कोणी शिकवलेच नाही म्हणून पोलीस रक्तावरून चालत, मृतदेह हलवत, कपड्यातील गोळीच्या छिद्रात बोट घालून पाहत. डॉक्टर येईपर्यंत पुरावा तुडवला गेलेला असे. याचे दोन परिणाम होत. खरा गुन्हेगार सुटे आणि कधी निरपराध माणूस अडके. फ्रान्सिस यांना या दोन्ही गोष्टी सारख्याच अस्वस्थ करत.

हार्वर्डला दिलेली देणगी

१९३१ मध्ये त्यांनी दिलेल्या पैशांतून हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकशास्त्राच्या अध्यापनाची सोय झाली आणि मॅग्रॅथ तिथे प्राध्यापक झाले. १९३४ मध्ये त्यांनी सुमारे एक हजार ग्रंथांचे संग्रहालय मॅग्रॅथ यांच्या नावाने दिले. वडिलांच्या निधनानंतर, १९३६ मध्ये, आणखी अडीच लाख डॉलर दिले. ज्या विद्यापीठात त्यांना विद्यार्थिनी म्हणून पाऊल ठेवता आले नव्हते, तिथला एक विभाग त्यांच्या पैशावर उभा राहिला. १९३८ मध्ये मॅग्रॅथ गेले. पुढे डॉ. अ‍ॅलन मॉरिट्झ यांनी विभाग सांभाळला.

पैसे देऊन त्या गप्प बसल्या नाहीत. डॉक्टर तयार झाले तरी घटनास्थळी आधी पोहोचणारा पोलीस अडाणी राहिला, तर उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले. १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन हा हुद्दा दिला. तेव्हा त्यांचे वय ६५ होते.

बाहुलीघर, पण खेळण्यासाठी नाही

पोलिसांना शिकवायचे तर खऱ्या घटनास्थळी पन्नास विद्यार्थी नेता येत नाहीत. नेले तर तेच पुरावा तुडवतील. फोटोतून खोलीचा अंदाज येत नाही. यावर फ्रान्सिस यांनी जो उपाय काढला, तो त्यांच्या लहानपणीच्या हातकामातून आला होता.

त्यांनी घटनास्थळांची छोटी प्रतिरूपे बनवायला घेतली. प्रमाण ठरलेले होते, एका फुटाला एक इंच. राल्फ मोशर हा सुतार घरे, दारे, खिडक्या, फर्निचर बनवी. बाहुल्या, कपडे आणि रंगकाम यांत फ्रान्सिस स्वतः लक्ष घालत. बाहुल्यांचे मोजे त्या टाचणीएवढ्या बारीक सुयांवर विणत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबर तोच महिना असे. एकेका नमुन्याला खऱ्या घराइतका खर्च येई, असे सांगितले जाते.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर सर्वांत महत्त्वाचे होते ते बाहुल्यांचे शरीर. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचते आणि त्वचेवर जांभळट डाग दिसू लागतात. साधारण सहा ते बारा तासांत ते पक्के होतात. पाठीवर पडलेल्या मृतदेहाच्या छातीवर असे डाग दिसले, तर कोणीतरी त्याला नंतर उलटवले आहे. शरीर ताठरण्याचेही असेच आहे. काही तासांत ताठरता सुरू होते, साधारण बारा तासांत पूर्ण होते, मग हळूहळू जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा सगळा क्रम आणखी लवकर होतो. फ्रान्सिस यांनी हे डाग, ताठरलेले हातपाय, सडण्याच्या अवस्था बाहुल्यांवर शास्त्राला धरून दाखवल्या.

असे सुमारे वीस नमुने तयार झाले. त्यांत श्रीमंतांचे बंगले फारसे नव्हते. भाड्याच्या खोल्या, साधी स्वयंपाकघरे, झोपड्या होत्या, आणि मरणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. ज्यांच्या मृत्यूकडे यंत्रणा घाईने पाहून पुढे जाते, त्यांचीच घरे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर ठेवली.

एका स्वयंपाकघराचे उदाहरण

एका नमुन्यात स्वयंपाकघर आहे. बाई जमिनीवर मृत पडली आहे. गॅसचे कॉक उघडे आहेत, दारे आतून बंद. पाहताक्षणी आत्महत्या वाटते. आता नजर सावकाश फिरवा. भाजण्याचे काम अर्ध्यावर आहे, बटाटे सोलता सोलता राहिले आहेत. जिला थोड्या वेळाने जीव द्यायचा आहे, ती रात्रीच्या जेवणाची तयारी का करील? यावरून लगेच खून ठरत नाही. पण आत्महत्या असे लिहून वही मिटताही येत नाही.

त्या काळी घरगुती गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे. या वायूने मृत्यू झाल्यास त्वचेवर लालसर गुलाबी छटा येते. हे माहीत असलेला पोलीस ती छटा पाहून नोंद करील, नसलेला चेहरा टवटवीत दिसतो म्हणून सोडून देईल. आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये हा वायू नसतो. मात्र बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवल्यास तो तयार होतो आणि जीव घेतो. त्यामुळे हे ज्ञान आजही जुने झालेले नाही.

आठवडाभराचा अभ्यासवर्ग

१९४५ मध्ये हार्वर्डमध्ये पोलिसांसाठी पहिला अभ्यासवर्ग भरला. पुढे तो वर्षातून दोनदा होऊ लागला. पंचवीस-तीस निवडक पोलीस अधिकारी आठवडाभर येत. जखमांचे प्रकार, विषबाधा, गळफास, भाजणे, मृत्यूची वेळ ठरवणे असे विषय डॉक्टर शिकवत. विद्यार्थ्यांना शवविच्छेदन दाखवले जाई. आणि मग ते या नमुन्यांसमोर बसत.

नमुन्यांच्या अभ्यासाला दीड तास मिळे. सोबत साक्षीदारांचे थोडके म्हणणे लिहिलेले असे. ते खरे असेल, चुकीचे असेल किंवा धादांत खोटेही असेल, हे आधीच बजावले जाई. निरीक्षणाची एक शिस्त होती. एका बाजूने सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने खोलीभर नजर फिरवायची, बाहेरून आत यायचे आणि मृतदेहापाशी शेवटी पोहोचायचे. मृतदेह आधी पाहिला की मन तिथेच अडकते आणि भिंतीवरचे, दारावरचे, चुलीवरचे काही दिसत नाही.

शेवटी प्रत्येकाने आपली निरीक्षणे सगळ्यांसमोर मांडायची. खुनी कोण हे ओळखण्याची ही स्पर्धा नव्हती. काही नमुन्यांत खून नव्हताच. अपघात, आत्महत्या किंवा नैसर्गिक मृत्यू होता. पाहणाऱ्याने आधी मत बनवून मग पुरावा शोधू नये, एवढेच त्यांना ठसवायचे होते.

वर्ग संपताना त्या सर्वांना बोस्टनच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात मेजवानी देत. त्यासाठी खास चिनी मातीची भांडी विकत घेऊन ठेवली होती आणि ती फक्त याच जेवणाला बाहेर निघत. पोलिसांना उच्चभ्रू पाहुण्यांसारखे वागवण्यामागे हेतू होता. ज्याच्या कामाला मान मिळतो, तो ते काम जपून करतो.

मागे काय उरले

२७ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रान्सिस यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांत, १९६७ मध्ये, हार्वर्डने तो विभागच बंद केला. एका व्यक्तीच्या पैशावर आणि जिद्दीवर चाललेल्या संस्थेचे बहुधा असेच होते. नमुने मात्र वाचले. ते बाल्टिमोर येथे मेरिलँड राज्याच्या मुख्य मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तिथे आजही त्यांवर शिकवले जाते. उत्तरे गुप्त ठेवलेली आहेत, कारण विद्यार्थी अजून येतात.

त्यांना कधी कधी न्यायवैद्यकशास्त्राची जननी म्हटले जाते. ते थोडे जास्त होते, कारण ऑस्ट्रियाचे हान्स ग्रोस, फ्रान्सचे एडमंड लोकार अशी मंडळी त्यांच्या आधीच या वाटेने गेली होती. फ्रान्सिस यांचे काम वेगळे होते. प्रयोगशाळेतील शास्त्र त्यांनी दारात उभ्या असलेल्या पहिल्या पोलिसापर्यंत नेले.

जुन्नर-आंबेगावात हे कशाला?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद तिच्यात आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. पण तज्ज्ञ यायच्या आधीचे एक-दोन तास कायम गावाच्याच हातात राहणार. व्हिसेरा पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल, पण बाटली, दोरी, उलटीचे डाग, पायांचे ठसे गावातच असतात.

आपल्या भागात त्यात बिबट्याची भर आहे. उसात सापडलेल्या मृतदेहावरील खुणा बिबट्याच्या हल्ल्याच्या, की आधी मृत्यू होऊन नंतर कुत्र्या-कोल्ह्यांनी केलेल्या? जिवंतपणीच्या जखमेतून रक्त वाहते, आजूबाजूच्या पेशींत साकळते. मृत्यूनंतरच्या जखमेत तसे होत नाही. हा फरक शवविच्छेदनात कळतो, पण ओढत नेल्याची खूण आणि ठसे फक्त फडातच असतात. ते गर्दीने तुडवले, तर कुटुंबाची भरपाई अडू शकते, आणि एखादा खूनही बिबट्याच्या नावावर खपू शकतो.

गावात पुरावा नष्ट होतो तो बहुतेक वेळा मायेपोटी. लेकीची अब्रू झाकली जावी म्हणून कपडे बदलतात, आल्या-गेल्यासाठी अंगण झाडतात, चिरफाड नको म्हणून लवकर आटोपतात. पण विवाहितेच्या लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत तिची आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर कायद्याने विशेष चौकशी सांगितली आहे. ती तिच्याच बाजूची आहे.

आपण काय करावे?

१. आधी जीव. श्वास किंवा नाडीची थोडीही शक्यता असेल, तर पुराव्याचा विचार न करता मदत करा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस बोलवा.

२. विषबाधा असेल, तर बाटली, तिचे लेबल किंवा पुडी रुग्णासोबत पाठवा. उपचारालाही तिचा उपयोग होतो.

३. गळफास असेल आणि जीव असण्याची शक्यता असेल, तर लगेच खाली घ्या. दोरी गाठीपासून दूर कापा. गाठ सोडू नका, दोरी फेकू नका.

४. मृत्यू नक्की झाला असेल, तर मृतदेह हलवू नका, धुऊ नका, कपडे बदलू नका. जागा झाडू-सारवू नका. एकाच वाटेने जा-ये करा. गॅससारखा धोका असेल, तर तो बंद करा आणि काय बदलले ते पोलिसांना सांगा.

५. पोलीस पाटलांना कळवा. कोण आधी आले, काय पाहिले, किती वाजता, हे त्यांनी लगेच लिहून ठेवावे.

६. रक्ताचे किंवा ओले कपडे पोलिसांकडे द्यायचे असतील, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ओलाव्याने पुरावा कुजतो. ते वाळवून कागदात ठेवावे लागतात.

७. लैंगिक अत्याचारानंतर शक्य असल्यास आंघोळ न करता, तेच कपडे घेऊन रुग्णालयात जा. आंघोळ झाली असली तरी जाच. उपचार मोफत मिळणे हा हक्क आहे आणि त्यासाठी आधी गुन्हा नोंदवण्याची अट नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. तपासणी संमतीनेच होते. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

८. बिबट्या चावला असेल, तर जिवंत माणसाची जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच रुग्णालयात न्या. जिवंत माणसाची जखम धुणे हा उपचार आहे, मृताची जखम धुणे म्हणजे पुरावा पुसणे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

९. फोटो काढलेच, तर ते फक्त पोलिसांना द्या. व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नका.

फ्रान्सिस ली यांनी शिकवलेली मूळ गोष्ट पोलीस पाटील, आशाताई, सरपंच, शिक्षक, कोणालाही शिकता येते. दारात थांबायचे, हात मागे ठेवायचे आणि बोलण्याआधी पाहायचे. गेलेला माणूस परत येत नाही. त्याच्याबाबतीत काय घडले हे मात्र ती जागा सांगू शकते, आणि तेही आपण ती जशीच्या तशी ठेवली तरच.